कोरे रकाने भरू नका, डॉक्टरताई

वाचकाचं पत्र

सर, नमस्कार. नाव छापू नका. मी स्त्रीरोगतज्ज्ञ, वय ३४. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सासऱ्यांचा १५ खाटांचा दवाखाना आहे. त्यांना सगळे नाना म्हणतात. ३१ वर्षं त्यांनी तो चालवला, गेल्या दिवाळीपासून कारभार माझ्याकडे आला. रजिस्ट्रेशनं अजून नानांच्याच नावावर आहेत, सोनोग्राफी मात्र मीच करते. महिन्याभरापूर्वी तपासणी पथक आलं. सोनोग्राफीच्या नोंदीच्या फॉर्म एफची फाइल चाळली. बऱ्याच फॉर्मवर रकाने कोरे, कुठं पेशंटचा अंगठा नाही, कुठं आमचीच सही नाही. ‘पुढच्या वेळी नीट ठेवा’ म्हणाले आणि गेले. मिस्टर आमचं मेडिकल बघतात. ते म्हणतात, दोन रात्री बसून सगळे भरून टाकू. एक एजंट ६० हजारांत सगळं करून देतो म्हणतो, त्याच्या यादीत पहिलंच नाव ‘क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट ॲक्टचं लायसन्स’ आहे. नाना म्हणतात, माणुसकीनं वागलं की कागद लागत नाही.

ऊसतोडीहून आलेल्या बायका ‘गर्भाशयाची पिशवी काढा’ म्हणून हट्ट धरतात, तेव्हा काय लिहून ठेवावं? आमच्या दवाखान्यातल्या मावशी २२ वर्षांपासून डिलिव्हऱ्या करतात, प्रमाणपत्र काही नाही. कचऱ्याची गाडी आठवड्यातून दोनदाच येते. आणि एक मुलगी आहे, लग्न झालेली, पाच महिन्यांची गरोदर, आधारवर वय १७. मी तपासून गोळ्या दिल्या, परवा ती पुन्हा येणार आहे. मला झोप लागत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर

डॉक्टरताई,

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांपेक्षा ओघात लिहून गेलेल्या एका वाक्यानं मला जास्त घाबरवलं. ‘रजिस्ट्रेशनं नानांच्या नावावर, सोनोग्राफी मात्र मीच करते.’ कोऱ्या रकान्यांचं नंतर बघू. आज संध्याकाळपासून प्रोब खाली ठेवा.

गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालचं सर्टिफिकेट एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही. मालक किंवा व्यवस्थापन बदललं, की जुनं सर्टिफिकेट परत करायचं आणि नव्या मालकानं नव्यानं अर्ज करायचा. मालक तोच राहिला आणि फक्त मशीनवर बसणारा डॉक्टर बदलला, तरीही किमान ३० दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्याला कळवून नवं नाव सर्टिफिकेटवर चढवून घ्यावं लागतं. तालुक्याला हे प्राधिकारी म्हणजे बहुधा ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक. मी त्याच खुर्चीतून निवृत्त झालोय, पथकांबरोबर हिंडलोय, म्हणून सांगतो. पथक दारातून आत आलं की पहिली नजर भिंतीवर जाते. सर्टिफिकेटवर कुणाचं नाव आहे आणि मशीनवर कोण बसलंय, हे दोन मिनिटांत कळतं. तुमच्याकडे आलेल्यांचं लक्ष फाइलकडं गेलं आणि भिंतीकडं गेलं नाही. असं दर वेळी होत नसतं.

म्हणजे तुमचं पहिलं काम घरातलं आहे. मालक कोण, हे तिघांनी बसून ठरवा. नाना, मिस्टर की तुम्ही? हा प्रश्न घरात कुणी काढत नाही, कारण तो वाटणीसारखा ऐकू येतो. पण उद्या नोटीस येईल ती ज्याचं नाव आहे त्याला आणि ज्याची सही आहे त्याला. ‘सेटिंग करू’ म्हणणाऱ्याला नोटीस येत नाही. मालकी तुमच्याकडे यायची ठरली तर नवा अर्ज करा. नानांकडेच राहायची ठरली तर तुमचं नाव चढवायचा अर्ज करा. यातलं एक या आठवड्यात जाऊ द्या, आणि पोचपावती घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. सर्टिफिकेट हातात येईपर्यंत तुमच्या बायकांना नोंदणी असलेल्या दुसऱ्या केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवा. मशीनचा हप्ता तोवर खिशातून जाईल, हे मला कळतं. तरी पाठवा.

कोपऱ्यात नानांचं एखादं जुनं बंद मशीन पडलेलं असेल, तर तेही यातच येतं. भंगारवाल्याला देऊ नका. मशीन वाढलं, बदललं, गेलं, सगळं प्राधिकाऱ्याला लेखी कळवायचं असतं, आणि नोंदणी नसलेल्या कुणालाही ते विकता येत नाही.

आता फॉर्म एफ. मिस्टरांच्या ‘दोन रात्री’ मला पाठ आहेत. गल्लीतले दोन पोरं बोलवायचे, चहा ठेवायचा, एकाच शाईच्या पेनानं वर्षभराचे रकाने भरायचे. आणि अंगठे? तेही कुणाचे तरी. पथकाला हे ओळखायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही. मार्च ते डिसेंबर एकच पेन, एकच दाब, एकच वळण, आणि मग फॉर्मवरच्या नंबरवर एक फोन: ‘ताई, तुम्ही अमुक तारखेला सोनोग्राफीला आला होता का, कागदावर अंगठा केला होता का?’ ती बाई खरं सांगते. तिनं खोटं का सांगावं?

कोरा रकाना हा कायद्यानं गुन्हाच आहे, यात सवलत शोधू नका. नोंदीत उणीव असेल तर ती लिंगनिदानबंदीच्या कलमांचा भंग मानली जाते, आणि तसं नव्हतं हे सोनोग्राफी करणाऱ्यानं सिद्ध करायचं असतं. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं हे आव्हान सर्वोच्च न्यायालयात नेलं होतं. कारकुनी चुकीला इतकी कडक शिक्षा नको, असं त्यांचं म्हणणं होतं. ३ मे २०१९ च्या निकालात न्यायालयानं ते मान्य केलं नाही. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीतून पाच वर्षं नाव जातं. आरोप निश्चित झाले की नोंदणी निलंबित व्हायची वेळ येते.

आपल्याकडं हे इतकं कडक का, ते बीडच्या माणसाला सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं बीड जिल्ह्यात ८०७ मुली निघाल्या, राज्यात सगळ्यात कमी. पुढच्याच वर्षी परळीचं बेकायदा गर्भपाताचं प्रकरण देशभर गाजलं. त्यानंतर या जिल्ह्यात ‘कारकुनी चूक’ हा शब्द कुणी सहज ऐकून घेत नाही, आणि मला त्यात फारसं वावगं वाटत नाही. चुकीच्या कामाची फाइल बऱ्याचदा नीटनेटकी असते हेही मी पाहिलंय, पण म्हणून प्रामाणिक माणसानं गबाळी फाइल ठेवावी असं होत नाही.

तरीही उणीव ही उणीव राहू द्या. कोरा रकाना म्हणजे निष्काळजीपणा. मागाहून भरलेला रकाना आणि दुसऱ्याचा अंगठा म्हणजे खोटा दस्तऐवज. पहिल्यावर वकील काही तरी बोलू शकतो. जुन्या फॉर्मला हात न लावता त्यांची यादी करा: कोणत्या तारखेचा, काय राहिलंय. खाली आजची तारीख आणि तुमची सही. ही यादी घेऊन या कायद्याचे खटले चालवलेल्या वकिलाला भेटा. कार्यालयात लेखी काय द्यायचं आणि द्यायचं की नाही, हे तो ठरवेल. त्याला भेटण्याआधी काही लिहून देऊ नका. पथकाच्या भेटीच्या अहवालाची प्रत मात्र मागून घ्या. ‘नीट ठेवा’ तोंडी म्हणाले असले तरी त्यांनी काही तरी लिहिलं असणारच. पुढं कधी काही जप्त केलं, तर दोन प्रतींत यादी होते आणि एक प्रत तुमची असते. कोऱ्या पंचनाम्यावर सही करू नका. नोंदणी निलंबित झालीच तर अपिलाला ३० दिवस असतात.

नव्या सर्टिफिकेटनंतर पद्धत एकच ठेवा: बाई टेबलावरून उठायच्या आत फॉर्म पुरा. तिचं निवेदन तिला कळेल अशा भाषेत वाचून दाखवून अंगठा, मग तुमचं निवेदन, मग सही. फॉर्म ऑनलाइन भरलात तरी छापील प्रत सही करून फाइलला लावायची. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. फाइल दोन वर्षं, आणि खटला चालू असेल तर तो संपेपर्यंत.

त्याच क्षणी लिहिण्याबद्दल एक माझंच सांगतो. ग्रामीण रुग्णालयात असताना एका रात्री झटके येणारी बाई आली, सातवा महिना. मॅग्नेशियम सल्फेट दिलं, गाडी मागवली, पुढं पाठवली. वाटेत ती गेली. चौकशी लागली. पहिलाच प्रश्न होता, इंजेक्शन किती वाजता दिलं? केस पेपरवर माझ्या अक्षरात नुसतं ‘दिलं’ एवढंच होतं. वेळ नाही. मला आठवत होतं, पण आठवण म्हणजे काय, ती तर माझ्याच बाजूची. शेवटी सिस्टरच्या रजिस्टरात २.४० सापडलं. पंचवीस वर्षांची नोकरी तिच्या त्या दोन आकड्यांवर टिकली. त्यानंतर मी वेळ लिहिल्याशिवाय सिरिंज खाली ठेवली नाही.

एजंटाचं लवकर आटपतो, कारण त्याच्या यादीनंच त्याचा निकाल लावलाय. क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंटचा २०१० चा केंद्राचा कायदा महाराष्ट्रानं स्वीकारलेलाच नाही. जे लायसन्स आपल्या राज्यात मिळतच नाही, त्याचे तो पैसे मागतोय. आपल्याकडं चालतो तो १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा. नोंदणी तीन वर्षांची असते, आणि १४ जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनी त्यात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं आलं. ही नोंदणीही नानांच्या नावावर असेल, मालकी बदलली तर तीही बदला. आपल्या हद्दीला जिल्हा शल्यचिकित्सकांचं कार्यालय लागतं की जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं, हे तिथं एक चक्कर मारलीत की कळेल. एजंटाला फॉर्म टाइप करायला, रांगेत उभं राहायला ठेवा हवं तर. पण पासवर्ड तुमच्याकडे, आणि न वाचता एक सही नाही.

अग्निशमनाचा कागद तर असल्या ‘पॅकेज’मध्ये कधीच घेऊ नका. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षात दहा लेकरं गेली. २००६ च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्यानं यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत, वर्षातून दोनदा द्यायचं असतं. परवानाधारक एजन्सीचा माणूस प्रत्यक्ष येतो, नळकांडी उचलून बघतो. माणूस न येता कागद आला, तर तो जाळायच्या लायकीचा.

आता पिशवी. इथं मी जरा थांबतो, कारण आपल्या भागात याच्याएवढा नाजूक कागद दुसरा नाही.

बाई का हट्ट धरते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. उचल घेतलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. पाळीत चार दिवस बसली की खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो. फडात मोरी नाही, पाणी नाही, अंगावर पांढरं जातं, कंबर धरते. कुणी तरी सांगितलेलं असतं, पिशवीच काढून टाक, कटकट नको. गुढीपाडव्याच्या सुमाराला टोळ्या गावी परतल्या की अशा बायका रांगेनं येतात. २०१९ मध्ये हे सगळं बाहेर आलं, विधिमंडळात गाजलं, राज्य सरकारनं समिती नेमली, आणि बीडमध्ये खासगी दवाखान्यांनी अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची असा दंडक झाला. परवानगी मिळाली म्हणजे तुमची जबाबदारी संपली असं मात्र समजू नका. का काढतोय, याचं उत्तर तुमच्या केस पेपरवर असायला हवं.

म्हणून लिहा. तक्रार काय, किती महिन्यांपासून, कोणती तपासणी केली, कोणती औषधं दिली, किती दिवस, आणि त्यानं का भागलं नाही. वय लिहा, मुलं किती ते लिहा. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतलं असेल तर तेही. काढलेली पिशवी पॅथॉलॉजीला पाठवा आणि रिपोर्ट केस पेपरला जोडा. ‘पेशंटच्या आग्रहावरून’ हे दोन शब्द मी अनेक फायलींत वाचलेत. लिहिणाऱ्याला वाटतं हे आपलं चिलखत. प्रत्यक्षात तो कबुलीजबाब असतो: गरज नव्हती, तरी केलं. हट्ट धरणाऱ्या बाईला नाही म्हणालात, तर तेही लिहा: काय सांगितलं, कोणती औषधं दिली, परत कधी बोलावलं. ती दुसरीकडं जाईल कदाचित. जाऊ द्या.

संमतीचा तुमचा छापील कागद काढून बघा. बहुतेक इंग्रजीत एक ओळ असेल आणि खाली नवऱ्याची सही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. दुर्बिणीनं तपासायला संमती दिलेल्या बाईला भूल दिली, ती टेबलावर असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली, आणि गर्भाशय, अंडाशय काढलं. न्यायालय म्हणालं, शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकेल अशा सज्ञान बाईच्या वतीनं आईची संमती चालत नाही, आणि एका गोष्टीला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही. जीवच धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडं उलटंच चालतं. नवऱ्याची सही असली की बाईला विचारायचं राहूनच जातं. मराठीत नवा कागद छापा: काय काढणार, काय राहणार, पुन्हा पाळी येणार नाही, मूल होणार नाही, दुसरा उपाय कोणता होता. सिस्टरनं तिला वाचून दाखवायचा, अंगठा तिचा, साक्षीदार तिच्या बाजूचा. नवऱ्याची सही हवी तर साक्षीदाराच्या जागी घ्या. गर्भपाताच्या बाबतीत तर कायद्यानंच सज्ञान बाईची एकटीची संमती पुरेशी ठरवली आहे.

त्या १७ वर्षांच्या मुलीबद्दल सोपं उत्तर माझ्याकडं नाही. कायदा मात्र स्पष्ट आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंध हा पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली गुन्हा, लग्न झालेलं असो वा नसो. नवऱ्याला असलेली सूट सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच काढली, नव्या न्याय संहितेत तर वय थेट अठरा लिहिलंय. आणि अशी गोष्ट ज्याला कळली त्यानं पोलिसांना कळवायचंच. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. डॉक्टर यातून सुटत नाही. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीच्या बाबतीत २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालानं थोडी वाट ठेवली आहे. ती आणि तिचे पालक म्हणाले तर डॉक्टरनं पोलिसांना तिचं नाव, ओळख द्यावी लागत नाही. तुमची मुलगी बाळंतपणाला आली आहे, तिला ही वाट लागू आहे असं धरून चालू नका.

या कलमाची एक बाजू मला आजही खुपते. पोलिसांच्या भीतीनं अशा मुली दवाखान्यात येणंच सोडतात, घरी बाळंत होतात, आणि मग रक्तस्राव झाला की रात्री दोनला दारात. म्हणून क्रम लक्षात ठेवा. उपचार आधी, आणि कोणत्याही कारणानं नाकारायचे नाहीत. परवाची वाट पाहू नका, उद्याच वकिलाशी बोलून पोलिस ठाण्यात लेखी द्या. पहिल्या भेटीची तारीख जशी आहे तशीच लिहा, मागं-पुढं करू नका. जावक क्रमांक आणि पोचपावती केस पेपरला. मुलगी आणि तिची सासू आली की तुम्ही स्वतः सांगा, कंपाउंडरकरवी नको: कायद्यानं मला कळवावं लागलंय, तुमची डिलिव्हरी मात्र इथंच होईल, रक्त कमी असेल तर तेही भरून काढू. बोलणी बसतील. सासू पदर खोचून उभी राहील. पण हे तोंडावर सांगितलेलं बरं. पोलिस घरी गेल्यावर कळलं तर ती मुलगी पुन्हा तपासायला येणार नाही.

आणि पुढच्या वेळी घरचे ‘एकोणीस लिहा’ म्हणाले, तर वयाचा पुरावा बघून तोच आकडा लिहायचा. आधारवर सतरा आणि तुमच्या केस पेपरवर एकोणीस, हे कुणालाही समजावता येणार नाही.

कचऱ्याच्या गाडीचं सोपं आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणं पिवळ्या पिशवीतला बाळामागून पडणारा वार, रक्ताचे बोळे असला कचरा ४८ तासांच्या पुढं ठेवायचा नाही. नाइलाजानं राहिला तर कारणासकट प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं. गाडी दोनदाच येत असेल तर कंपनीला लेखी मागणी करा, मंडळाला प्रत द्या, दर वेळच्या खाड्याची नोंद ठेवा. मागच्या अंगणातला खड्डा असेल तर तो आजच बंद. सलाईनचे सेट, नळ्या, सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. बारकोड लावा, रजिस्टर पाच वर्षं जपा, वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत. वार घरी नेऊन पुरायचा म्हणून म्हाताऱ्या मागतात, तुमच्याकडंही मागत असतील. पूर्वी आम्ही फडक्यात बांधून देत होतो. नियमात तो पिवळ्या पिशवीतलाच आहे. मी त्यांना नाळेचा वाळून पडलेला तुकडा पुरा म्हणून सांगायचो. बहुतेकींचं समाधान व्हायचं.

मावशींना काढू नका. बावीस वर्षं ज्या हातांनी लेकरं झेलली, ते हात पाळण्याजवळ, ओट्याजवळ, बाळंतिणीच्या उशाशी असू देत. पण डिलिव्हरी करणं, इंजेक्शन देणं आजपासून बंद. त्याला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली सिस्टरच हवी, तिन्ही पाळ्यांना, आणि तिच्या नोंदणीची प्रत तुमच्या फाइलला. लेकरू रडलं नाही तर कोर्ट मावशींचा अनुभव विचारणार नाही, शिक्षण विचारेल, आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. मावशींना हे सांगताना पगार तोच राहील हे पहिल्याच वाक्यात सांगा. त्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लसही द्या. कचरा हाताळणाऱ्याला ती द्यायचीच असते, तुमच्याकडं बहुधा कुणालाच दिलेली नसेल.

मिस्टरांनाही एक काम द्या, म्हणजे ‘दोन रात्री’चा उत्साह कुठं तरी लागेल. मेडिकलमधलं शेड्यूल एच-१ चं, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या औषधांचं रजिस्टर आजपासून रोज, डॉक्टर, पेशंट, औषध, संख्या, आणि तीन वर्षं जपायचं. फार्मासिस्ट दुकानात हजर हवा, नुसतं त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर नको. क्षयाचा पेशंट आला तर निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद. २०१८ पासून ती डॉक्टरवरही आहे आणि औषधविक्रेत्यावरही.

राहिले नाना. ते खोटं बोलत नाहीयेत. त्यांच्या काळात दवाखान्याचा खरा कागद म्हणजे गावाचा विश्वास होता, आणि तो त्यांनी कमावला. त्यांना ‘तुमचं चुकलं’ म्हणून सुरुवात केलीत तर घर दोन दिवसांत दुभंगेल. त्यांच्याकडून एक काम मागा: जुने केस पेपर घेऊन बसायचं, वर्षावार लावायचे, काय आहे आणि काय नाही ते सांगायचं. कुणाला कधी फुकट तपासलं हेही त्यात निघेल, ते त्यांना आवडेल. पेशंटनं कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात, तेव्हा ही लावालाव वाया जाणार नाही. फक्त पेन त्यांच्या हातात देऊ नका.

ते अजून पेशंट बघत असतील, तर त्यांची स्वतःची मेडिकल कौन्सिलची नोंदणी कधी नूतनीकरण झाली तेही बघून घ्या. ती दर पाच वर्षांनी करावी लागते, आणि भिंतीवर चौकटीत लावलेल्या कागदाची तारीख घरातलं कुणीच वाचत नाही.